निसर्गाकडे जरूर जा, पण डोळे उघडे ठेवून

योग, प्राणायाम, निसर्गोपचार यांच्या शोधात शहरी माणूस मावळात येतो. येथून घरी काय न्यावे आणि कशावर विश्वास ठेवू नये, याचे उत्तर लोणावळ्यातील शंभर वर्षांपूर्वीच्या प्रयोगशाळेत सापडते.

शुक्रवारची संध्याकाळ झाली, की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात मोटारींच्या रांगा लागतात. त्यांतील बहुतेकांना भुशी धरण, लोहगड किंवा चिक्कीची दुकाने खुणावत असतात. या गर्दीत एक वेगळा प्रवासीही असतो. त्याला रात्री झोप लागत नाही. दुपारी पित्त उसळते, मान अवघडलेली असते आणि क्षुल्लक कारणावरून घरात चिडचिड होते. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे. पण 'ही गोळी आता जन्मभर का?' हा प्रश्न त्याला सोडत नाही. मावळात चार दिवस राहावे, शरीरशुद्धी करावी, प्राणायाम शिकावा आणि जमल्यास गोळीच बंद करावी, अशी आशा मनाशी धरून तो आलेला असतो.

या आशेतील पहिला भाग रास्त आहे. शेवटचा भाग धोक्याचा आहे. या दोहोंमधील सीमारेषा ओळखता येणे, हाच नैसर्गिक आरोग्यविचारातील सर्वांत महत्त्वाचा धडा होय. योगायोग असा, की ही सीमारेषा आखण्याचा भारतातील एक आद्य प्रयत्न लोणावळ्यातच झाला.

कुंजवनातील प्रयोग

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. संस्कृतचे ते हुशार विद्यार्थी होते. बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळेच्या राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले आणि पुढे अमळनेरला शिक्षणकार्य केले. १९१९ च्या सुमारास नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. स्वामी कुवलयानंद या नावाने पुढे ते ओळखले गेले.

गुरूंनी शिकविलेल्या क्रियांचा गुण त्यांना अनुभवास येत होता. तथापि 'गुण येतो' एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. तो का येतो, कोणाला येतो आणि शरीरात नेमके काय घडते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांवर प्रयोग केले. त्यानंतर १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्याच्या कुंजवन भागात 'कैवल्यधाम' या संस्थेची स्थापना झाली. त्याच महिन्यात 'योगमीमांसा' या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. पहिल्याच खंडात उड्डियान आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्याची स्थिती कशी बदलते, याचा क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे सर्वांगासन आणि मत्स्यासनाचा रक्तदाबावर होणारा परिणामही मोजण्यात आला.

एक उदाहरण विशेष बोलके आहे. हठयोगात 'बस्ती' नावाची आतडे धुण्याची क्रिया आहे. तीत पाणी आपोआप वर कसे ओढले जाते, याबद्दल गूढ कल्पना प्रचलित होत्या. कुवलयानंदांनी दाबमापक यंत्र लावून पाहिले. नौली करताना पोटाचे स्नायू विशिष्ट प्रकारे आकुंचन पावतात, त्यामुळे मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि पाणी आत खेचले जाते, असे त्यांना आढळले. त्यांनी या स्थितीला आपल्या गुरूंचे नाव दिले. परंपरेविषयीचा आदर तसाच राहिला. केवळ चमत्काराच्या जागी कारण आले.

पुढील काळात या संस्थेचा व्याप वाढला. मुंबईत मरीन ड्राइव्हला योगिक आरोग्य केंद्र सुरू झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात योग महाविद्यालय, तर १९६० च्या दशकाच्या आरंभी जुनाट विकारांसाठी योगिक रुग्णालय उभे राहिले. संशोधनाबरोबर ग्रंथांचे कामही चालू होते. स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली 'हठप्रदीपिका' १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. कुवलयानंदांचे १८ एप्रिल १९६६ रोजी निधन झाले. 'योगमीमांसा' मात्र आजही निघते. २०२४ मध्ये संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली.

प्राणवायूचा गैरसमज

प्राणायाम केल्याने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, असे आजही अनेक शिबिरांत सांगितले जाते. कुवलयानंदांनी हा समज तपासून पाहिला. प्राणायामात किती प्राणवायू शोषला जातो आणि किती कर्बवायू बाहेर पडतो, यावरील त्यांचा लेख १९३३ मध्ये 'योगमीमांसे'त आला. प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायू मिळण्यात नाही, असा त्याचा रोख होता. मज्जासंस्थेवर होणारा परिणाम त्यांना अधिक मोलाचा वाटत होता.

आधुनिक शरीरशास्त्राशी हे सुसंगत आहे. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन नेहमीच्या श्वासोच्छ्वासातच प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात आणखी भर घालण्यास फारशी जागाच नसते. उलट घाईघाईने जोरजोरात श्वास घेत राहिल्यास रक्तातील कर्बवायूचे प्रमाण घटते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. नवख्या साधकाला हीच 'ऊर्जा' वाटते. वस्तुतः ते थांबण्याची सूचना देणारे लक्षण असते.

मग लाभ कशाचा?

लाभ आहे तो संथपणाचा. प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास आणला आणि उच्छ्वास लांबविला, की हृदयाचे ठोके श्वासाच्या लयीशी जुळू लागतात. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत गेलेल्या 'व्हेगस' मज्जातंतूचे हे काम होय. तणावाच्या वेळी शरीर 'लढा किंवा पळा' या तयारीत असते. दीर्घ उच्छ्वास त्याला धोका टळल्याचा निरोप देतो.

२००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ निरोगी व्यक्तींना एकदा लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि एकदा बौद्ध मंत्र म्हणावयास सांगण्यात आले. दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास स्थिरावला आणि हृदय व रक्ताभिसरणाच्या लयींमध्ये अनुकूल बदल दिसले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण श्वासाची लांबी एकच. आजीची सायंकाळची जपमाळ केवळ श्रद्धेचाच विषय नव्हती, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

अन्य बाबतींतही पुरावा आहे. मात्र तो माफक आहे. जुनाट कंबरदुखीत औषधांआधी करून पाहावयाच्या उपायांत अमेरिकेतील 'कॉलेज ऑफ फिजिशियन्स'ने २०१७ मध्ये योगाचा समावेश केला. दम्याबाबत १५ चाचण्या आणि हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये 'कॉक्रेन' या संस्थेने आढावा घेतला. योगामुळे लक्षणे आणि जीवनमान यांत थोडी सुधारणा होत असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. 'थोडी सुधारणा' आणि 'दमा मुळापासून बरा' यांत महदंतर आहे. श्वसनमार्गातील सूज कमी करणाऱ्या फवाऱ्याची जागा प्राणायाम घेऊ शकत नाही. तो फवाऱ्याच्या जोडीला येतो. लोणावळ्यात येणाऱ्या दम्याच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. येथील पावसाळा डोळ्यांना सुखावणारा असला, तरी बंद खोल्यांतील ओल आणि बुरशी दमा चाळवू शकते.

पुण्याच्या पूर्वेकडील दुसरा प्रवाह

पुणे जिल्ह्याला योगाप्रमाणेच निसर्गोपचाराचीही परंपरा आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. महात्मा गांधी तेथे अनेकदा राहिले. त्याच वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था कार्यरत आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचन येथे खेड्यातील गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि त्याची धुरा मणिभाई देसाई यांच्यावर सोपविली. गांधीजींचा लोणावळ्याशीही संबंध आला होता. १९२७ मध्ये प्रकृती बिघडली असता त्यांनी स्वामी कुवलयानंदांशी आसनांबाबत पत्रव्यवहार केला होता.

उरुळी कांचनमागील विचार आज पुन्हा आठवण्याजोगा आहे. माती, पाणी, ऊन, हवा आणि साधा आहार ही साधने खेड्यातील माणसाला परवडणारी आहेत, हाच त्यांचा गुण मानला गेला होता. आरोग्य महागड्या खोलीत राहून विकत घेण्याची वस्तू होऊ नये, हा त्यामागील आग्रह होता. आज 'डिटॉक्स'च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या महागड्या पॅकेजकडे पाहताना हा आग्रह विसरता येत नाही. शिवाय रक्तातील टाकाऊ पदार्थ काढण्याचे काम निरोगी यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र, विनामूल्य करीतच असतात. चार दिवसांच्या मुक्कामात बरे वाटते त्याचे श्रेय बहुधा वेळेवर जेवण, मद्य-तंबाखूपासून दूर राहणे, चालणे, पुरेशी झोप आणि बंद ठेवलेला मोबाईल यांना जाते. ही गोष्ट निराशेची नव्हे, दिलाशाची आहे. कारण यांतील प्रत्येक गोष्ट घरी करता येते.

मनाचे काय?

१९४८ च्या आपल्या घटनेत जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याची व्याख्या करताना शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याचा एकत्र उल्लेख केला. रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. शहरी वाचकाला याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. सर्व चाचण्यांचे अहवाल 'नॉर्मल' असतात आणि तरीही माणूस थकलेला असतो.

अशा वेळी निसर्गाचा सहवास उपयोगी पडतो. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना मांडली. रानात जावे, घाई करू नये, पाहावे, ऐकावे, एवढेच त्यात अपेक्षित असते. पवन मावळातील भातखाचरांच्या बांधावरून किंवा भाजे लेण्यांच्या पायऱ्यांवरून ध्वनिवर्धकाविना चालणाऱ्यास या कल्पनेसाठी जपानला जावे लागणार नाही. ध्यान, शवासन आणि नियमित व्यायाम यांचाही सौम्य चिंता व उदासी कमी होण्यास हातभार लागतो.

तथापि येथेही मर्यादा आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहणे, कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे, जगणे नकोसे वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. 'मन खंबीर कर', 'ध्यानाला बस' असा उपदेश अशा माणसाला अधिक एकाकी करतो. तीव्र मनोविकार असलेल्यांना दीर्घ मौनाची आणि सलग ध्यानाची शिबिरे त्रासदायक ठरू शकतात. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रासारख्या ठिकाणी प्रवेश अर्जातच मानसिक आजाराविषयी विचारले जाते ते याचसाठी. ही माहिती लपवू नये. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

निसर्गाचेही नियम असतात

'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणारच नाही' हा या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारा समज आहे. जुने ग्रंथ याबाबत आजच्या जाहिरातींपेक्षा अधिक सावध होते. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा शुद्धिक्रिया मेद व कफ अधिक असलेल्यांसाठी आहेत, इतरांना त्यांची आवश्यकता नाही, असा 'हठप्रदीपिके'चा अभिप्राय आहे. श्वासाशी घाई केल्यास दमा, खोकला, डोकेदुखी यांसारखे त्रास उद्‍भवतात, असा इशाराही त्यात आहे.

काही ठळक धोके असे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कपालभातीसारख्या वेगवान क्रिया टाळाव्यात. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो. काचबिंदूच्या रुग्णास ते महागात पडू शकते. शंखप्रक्षालनात मिठाचे पाणी मोठ्या प्रमाणात प्यावे लागते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते वर्ज्य समजावे. जलनेतीसाठी पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी नाकात घेतल्यामुळे अमिबाचा संसर्ग होऊन दोन व्यक्ती दगावल्या होत्या. मधुमेहाची औषधे चालू असताना उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

वनौषधींचेही तसेच. मावळच्या कुंपणांवर सहज चढणारा गुळवेल करोनाकाळात घरोघरी उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताचा विकार झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांचा असला, तरी सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध सोपा आहे: काढादेखील औषधच आहे. मात्रा, मुदत आणि आधीचे आजार यांचा विचार न करता तो महिनोन्‌महिने घेऊ नये आणि घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

सर्वांत गंभीर चूक मात्र औषध अचानक बंद करण्याची. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, क्षयरोगाचा उपचार, हृदयविकाराची व मनोविकाराची औषधे परस्पर थांबविल्यास जिवावर बेतू शकते. योगाभ्यास, वजनातील घट आणि मिठावर नियंत्रण यांमुळे रक्तदाब खाली आला, तर गोळीची मात्रा कमी करता येते; पण तो निर्णय महिनाभराच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषध-उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. असा दावा करणारे पत्रक हाती पडले, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

केंद्र निवडताना विचारावे असे

० प्रवेशापूर्वी प्रकृतीची तपासणी आणि चालू औषधांची नोंद होते का?

० तेथे पात्रताधारक डॉक्टर उपलब्ध असतात का? रात्री त्रास झाल्यास कोणत्या रुग्णालयात नेले जाते?

० शिकविणाऱ्याने कोठे आणि किती काळ प्रशिक्षण घेतले आहे?

० 'हे तुम्ही करू नका' असे तेथे कोणाला सांगितले जाते का? ज्या ठिकाणी सर्वांना सर्व क्रिया चालतात, तेथे काळजी कमी घेतली जाते, असे समजावे.

० खर्च, मुदत आणि अपेक्षित लाभ लेखी मिळतो का?

घरी नेण्याजोगे

मावळातून परतताना बरोबर न्यावयाची शिदोरी फार मोठी नाही. सकाळी किंवा निजण्यापूर्वी दहा मिनिटे श्वास न रोखता संथ श्वसन करावे. सोडण्याचा अवधी घेण्याच्या अवधीपेक्षा थोडा अधिक ठेवावा. गरगरू लागल्यास थांबावे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत असावे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठही त्यात मोजावे. रात्रीचे जेवण लवकर आणि झोपेची वेळ ठरलेली असावी. आठवड्यातून एकदा तरी कोणाशी तरी निवांत, मोकळे बोलावे.

याखेरीज एक वही ठेवावी. रक्तदाब, वजन, झोपेचे तास आणि मनाची स्थिती तीत रोज एका ओळीत लिहावी. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांना दाखवावी. कोणता उपाय आपल्याला लागू पडला आणि कोणता केवळ ऐकून केला, हे त्या पानांवरून समजेल. शंभर वर्षांपूर्वी कुंजवनात क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक लावून जे चालले होते, ते याहून तत्त्वतः निराळे नव्हते. परंपरेवर प्रेम असणाऱ्यानेच तिची परीक्षा घेतली होती. आशा घेऊन घाट चढणाऱ्या प्रत्येकाने ही वही आणि आपल्या गोळ्या, दोन्ही बरोबर ठेवाव्यात.